समुद्राने किती कार्बन गिळला, हे ठरवलं कुणी?

“उद्या पाऊस पडेल का ते यांना धड सांगता येत नाही, आणि निघाले २१०० सालचा समुद्र सांगायला!” हा टोमणा इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर टोमण्यातला प्रश्न रास्तच आहे. कॉम्प्युटरवरचं मॉडेल बरोबर की चूक हे तपासतात कसं? उत्तर कुणाला आधीच माहीत असतं का? समुद्राच्या बाबतीत ही तपासणी गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. त्यात अणुबॉम्ब आहेत, फ्रीजचा गॅस आहे, नापास झालेली मॉडेलं आहेत, आणि शेवटी आपल्या समोरचा अरबी समुद्रही आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हा आकडा आपल्याला का हवा ते सांगतो. माणूस कोळसा-तेल जाळून आणि जंगलं तोडून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण एक चतुर्थांश समुद्र घेतो. दरवर्षी जवळजवळ ३ अब्ज टन कार्बन. (आकडे कार्बनचे आहेत, वायूचे हवे असतील तर ३.६७ ने गुणा.) गुणून पाहिलं तर भारत वर्षभरात जेवढा वायू सोडतो त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट समुद्र फुकटात उचलतोय. आता ही फुकटची सेवा कुणाच्या नावावर मांडायची?

हा प्रश्न १९९१ मध्ये दिल्लीत विचारला गेला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या १९९०-९१ च्या अहवालात देशवार उत्सर्जनाची यादी होती आणि तीत भारत-चीन सगळ्यात वरच्या देशांत आले होते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी तो हिशेब उलगडून दाखवला. समुद्र आणि जंगलं जे शोषतात ते वाटताना ज्याचं उत्सर्जन जास्त त्याला जास्त वाटा दिला होता. म्हणजे ज्याने जास्त घाण केली त्याला मोरीही मोठी! समुद्र सगळ्यांचा आहे तर वाटा माणशी द्या, असं त्यांचं म्हणणं. तो वाद आजही संपलेला नाही. पण वाटणीच्या आधी एकूण रक्कम माहीत हवी, आणि ती रक्कम त्या काळी मुख्यतः मॉडेलांतूनच येत होती.

मॉडेलांची गोष्ट सुरू होते १९५७ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतले रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी ‘टेलस’ नियतकालिकात एक निबंध लिहिला. तोवर बहुतेकांची समजूत अशी की समुद्रात हवेच्या पन्नास-साठपट कार्बन आहे, तेव्हा आपण सोडू तो सगळा तो सहज पचवेल. कार्बनचा एक रेणू हवेतून समुद्रात जायला सरासरी दहाच वर्षं लागतात, असं या दोघांनीही काढलं. म्हणजे चिंता नाही? पण रेव्हेल यांच्या लक्षात एक खोच आली आणि निबंध जवळजवळ पुरा झाल्यावर त्यांनी ती त्यात घातली. समुद्राच्या पाण्याचं रसायनच असं आहे की हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन फक्त १ टक्क्याच्या आसपास वाढतो. आत शिरलेल्यातलं बरंचसं पाणी परत ढकलून देतं. हे त्यांनी लिहिलं खरं, पण त्याचा पुरता अर्थ १९५९ मध्ये स्वीडनच्या बर्ट बोलिन आणि एरिक एरिक्सन यांनी मांडला. हेच बोलिन पुढे आयपीसीसीचे पहिले अध्यक्ष झाले. दरम्यान रेव्हेल यांच्याच संस्थेतल्या चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली होती. तेव्हा हवेत दहा लाखांत ३१३ भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत.

दुसरी अडचण रसायनाची नाही, गर्दीची आहे. एसटीचा लाल डबा डोळ्यांपुढे आणा. दारातून माणूस आत येतो दोन सेकंदांत. पण आतले लोक दारापाशीच उभे राहिले तर बाहेरचे बाहेरच. कंडक्टर कितीही ओरडला “पुढे सरका, पुढे सरका”, तरी मागची बाकं रिकामी आणि दारात चेंगराचेंगरी. समुद्राचं तसंच आहे. वरचं पाणी वर्षभरात हवेशी जुळवून घेतं, पण ते पाणी खाली जाऊन खालचं वर यायला शेकडो वर्षं लागतात. म्हणून समुद्र किती कार्बन घेणार हे दारावर ठरत नाही, आतल्या सरकण्यावर ठरतं. मॉडेलची खरी परीक्षा तिथे.

पहिली मॉडेलं हास्यास्पद वाटावीत इतकी साधी होती. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स ओश्गर आणि सहकाऱ्यांनी अख्खा जागतिक समुद्र एका उभ्या नळीसारखा मांडला. वर ७५ मीटरचा ढवळलेला थर, खाली खोल पाणी, आणि कार्बन हळूहळू खाली झिरपतो. झिरपण्याचा वेग ठरवायला एकच आकडा. तो आणला निसर्गातल्या किरणोत्सारी कार्बन-१४ वरून, ज्याचं घड्याळ ५,७३० वर्षांत अर्ध्यावर येतं. यात ना प्रवाह होते, ना मान्सून, ना अंटार्क्टिका. तरीही यातून निघालेला एकूण शोषणाचा आकडा, म्हणजे वर्षाला २ अब्ज टनांच्या आसपास, आजच्या महासंगणकांनी त्या काळासाठी काढलेल्या आकड्यापासून फार लांब नाही. मला हे जरा अस्वस्थ करणारं वाटतं, कारण चुकीच्या चित्रातूनही बेरीज बरोबर येऊ शकते. पुढे हेच सारखं दिसणार आहे.

आता बॉम्ब. १९५० च्या दशकात आणि १९६१-६२ च्या सुमारास अमेरिका आणि सोव्हिएत संघाने उघड्या हवेत जे अणुस्फोट केले, त्यांनी वातावरणात कार्बन-१४ ची रास ओतली. १९६३ च्या करारापर्यंत उत्तर गोलार्धाच्या हवेत त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. विहिरीत रंग टाकून झरे कुठे फुटतात ते बघावं तसा सगळ्या जगाच्या समुद्रात रंग पडला, तोही तारखेसकट. १९७२ ते १९७८ या काळात जिओसेक्स मोहिमेच्या जहाजांनी अटलांटिक, पॅसिफिक आणि शेवटी हिंदी महासागर पालथा घालून तळापर्यंतचे नमुने काढले. वॅली ब्रोकर यांच्यासारख्यांनी त्यातून हिशेब मांडला की बॉम्बचा कार्बन किती आत गेला आणि किती खोल. मॉडेलवाल्यांना पहिल्यांदाच मोजपट्टी मिळाली.

१९८७ मध्ये हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या एर्न्स्ट मायर-राइमर आणि क्लाउस हासेलमान यांनी प्रवाहांसकट तिन्ही मितींतला समुद्र उभा करून त्यात कार्बन सोडला. (हासेलमान म्हणजे २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच.) प्रिन्स्टनमध्ये होर्हे सार्मिएन्तो यांच्या गटाने १९९२ मध्ये तसंच केलं. सगळ्यांचं उत्तर २ अब्ज टनांच्या आगेमागे. आयपीसीसीने १९९० च्या पहिल्या अहवालात लिहिलं: २.०, अधिक-उणे ०.८.

आणि त्याच वर्षी त्यात काडी पडली. पीटर टान्स, इनेझ फंग आणि तारो ताकाहाशी यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की जहाजांनी प्रत्यक्ष पाण्यातला वायूचा दाब मोजलाय त्यावरून आणि उत्तर-दक्षिण हवेतल्या फरकावरून पाहिलं, तर समुद्र १ अब्ज टनांहून जास्त घेत नाहीये. उरलेला कार्बन उत्तरेकडच्या जमिनीवर, म्हणजे अमेरिका-युरोप-सायबेरियाच्या जंगलांत मुरत असणार. बघा, वाद वरवर रसायनाचा, पण अर्थ काय निघतो? समुद्राचा आकडा एकाने कमी झाला की तो एक अब्ज टन श्रीमंत देशांच्या जंगलांच्या नावावर चढतो. त्या काळात जागतिक हवामान कराराची बोलणी जवळ येत होती. कुणी मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही. टान्स-फंग-ताकाहाशी हे अव्वल दर्जाचे लोक, त्यांचा निबंधही आजवर मानाने वाचला जातो. पण आकड्यांना राजकारण चिकटतं ते असं.

त्यातली मोठी तफावत पुढे दोनेक वर्षांत बऱ्यापैकी उलगडली. सार्मिएन्तो आणि एरिक सुंडक्विस्ट यांनी दाखवलं की दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या. नद्या जमिनीवरचा कार्बन समुद्रात आणतात आणि तो तिथून वायू होऊन हवेत परत जातो. जहाजाच्या मोजणीत हे बाहेर येणं धरलं जातं, मॉडेलात ते नव्हतंच. एकाने निव्वळ शिल्लक सांगितली, दुसऱ्याने फक्त नवी जमा. घरखर्चाच्या वहीतही हीच भांडणं होतात.

पण यातून एक धडा सगळ्यांनी घेतला: आपापल्या प्रयोगशाळेत बसून ‘आमचं बरोबर’ म्हणणं पुरे. १९९५ मध्ये सगळ्या मॉडेलांना एकाच प्रश्नपत्रिकेला बसवणारा प्रकल्प सुरू झाला, नाव ओसीएमआयपी. फ्रान्सचे जेम्स ऑर त्यात पुढे होते. पहिल्या फेरीत चार मॉडेलं: हॅम्बुर्ग, प्रिन्स्टन, पॅरिसची लाप्लास संस्था आणि ब्रिटनचं हॅडली सेंटर. दुसऱ्या फेरीत तेरा गट, त्यात जपान-ऑस्ट्रेलियाही आले. भारताचा एकही नव्हता.

प्रश्नपत्रिकेत बॉम्बच्या कार्बनबरोबर दुसरा पेपर होता सीएफसीचा, म्हणजे फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांतला गॅस. ओझोन खाणारा म्हणून बदनाम झालेला हा गॅस समुद्रशास्त्रज्ञांना मात्र वरदान ठरला. निसर्गात तो नाहीच, १९३० च्या दशकापासून माणसानेच सोडला, हवेत कोणत्या वर्षी किती होता हे माहीत, आणि पाण्यात तो कुणाशी झगडत नाही. तो जितका खोल सापडेल तितकं पाणी अलीकडे वरून खाली गेलं. मॉडेलमध्ये तोच गॅस सोडायचा आणि १९९० च्या दशकातल्या वोसे मोहिमेच्या जहाजांनी मोजलेल्याशी ताडून पाहायचं. कॉपी करायला वाव नाही.

निकाल २००४ मध्ये लागला. कात्सुमी मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी १९ मॉडेलं या दोन्ही कसोट्यांवर घासली. मोजमापाच्या मर्यादेत बसली साधारण एक चतुर्थांश! बाकीची नापास. त्यांनी स्वच्छ बजावलं की ही धोक्याची घंटा आहे आणि सगळ्या मॉडेलांची सरसकट सरासरी काढून तेच आजचं विज्ञान म्हणून पुढे करू नका. स्कॉट डोनी यांच्या गटाने त्याच वर्षी दाखवलं की दोष मुख्यतः कार्बनच्या रसायनात नाही, पाण्याच्या हालचालीत आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात आहे. मॉडेलवाले स्वतःची चूक लपवतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतोय. त्यांचा हा निकाल त्यांच्याच नियतकालिकात, त्यांच्याच नावांनी छापलेला आहे.

बरं, मोजपट्टी तरी सरळ होती का? तीही नव्हती. १९९४ मध्ये हेस्हाइमर, हाइमान आणि लेव्हिन या जर्मन त्रयीने ‘नेचर’मध्ये मांडलं की समुद्रात गेलेल्या बॉम्ब-कार्बनचा जिओसेक्सवरून काढलेला साठा सुमारे २५ टक्के फुगलेला असावा, कारण हवा, जंगलं आणि समुद्र मिळून जमाखर्च जुळत नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत नव्या मोजण्यांनी त्यांचा रोख बरोबर ठरवला, आणि वाऱ्याने वायू पाण्यात शिरण्याचा वेगही कमी धरावा लागला. म्हणजे आधी जी मॉडेलं मोजमापाशी छान जुळत होती, त्यांतली काही चुकीच्या आकड्याशी जुळत होती. जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, हे तिथे सगळ्यांना नीट कळलं.

तरी एकूण बेरीज टिकली, आणि ती दुसऱ्या वाटेने तपासली गेली म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो. २००४ मध्येच ख्रिस्तोफर सबाइन आणि सहकाऱ्यांनी साडेनऊ हजारांवर ठिकाणांच्या नमुन्यांवरून काढलं की १८०० ते १९९४ या काळात समुद्रात माणसाचा ११८ अब्ज टन कार्बन गेला, चूक १९ इकडे किंवा तिकडे. हे काम सोपं नाही, कारण माणसाच्या कार्बनवर शिक्का नसतो. वरच्या पाण्यातसुद्धा आधीच्या साठ्यावर ती जेमतेम दोन-तीन टक्क्यांची भर. निकोलस ग्रूबर यांच्या गटाने २०१९ मध्ये पुढचा हप्ता मोजला: १९९४ ते २००७ मध्ये आणखी ३४ अब्ज टन. चांगल्या मॉडेलांचे आकडे याच्या आसपासच पडतात. तेव्हा ‘समुद्र किती घेतोय ते कुणाला माहीत नाही’ हे विधान आता खोटं आहे.

पण बेरीज सोडून एखादा दशकभराचा चढउतार विचारा, की गडबड सुरू. २००७ मध्ये कोरिन ल केरे यांनी दाखवलं की दक्षिण महासागराची भूक १९८१ पासून मंदावतेय. बातम्या झाल्या, समुद्र भरला म्हणून. २०१५ मध्ये पीटर लांडशुट्झर यांच्या गटाने दाखवलं की २००२ नंतर ती पुन्हा जोरात वाढली. मॉडेलांत एवढी उसळी दिसतच नव्हती. मग मॉडेलं चुकली? तसंच धरलं होतं. पण २०२१ मध्ये काहींनी डाव उलटवला. मॉडेलचाच समुद्र खरा धरला, जहाजं जिथे जिथे गेली तेवढ्याच ठिकाणचे आकडे त्यातून उचलले, आणि रिकाम्या जागा भरण्याची मोजणीवाल्यांची पद्धत त्यावर चालवून पाहिली. दक्षिणेकडे मोजण्या इतक्या विरळ की चढउतार प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसतात, असं निघालं. म्हणजे आता मॉडेल मोजणीची परीक्षा घेऊ लागलं. आजही दरवर्षीच्या जागतिक ताळेबंदात मॉडेलांचा आकडा आणि मोजण्यांवरून काढलेला आकडा यांत फट आहे, आणि ती नेमकी कुणाची चूक यावर एकमत नाही.

आता घरी येऊ. जागतिक बेरीज बरोबर म्हणून अरबी समुद्र बरोबर, असं होत नाही. गोव्याच्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये उभी राहिली, १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. तिच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून तिन्ही ऋतूंत मोजण्या केल्या. १९९८ मध्ये सर्मा, दिलीप कुमार आणि जॉर्ज यांनी लिहिलं की मध्य आणि पूर्व अरबी समुद्र बारा महिने कार्बन डायऑक्साइड घेत नाही, उलट सोडतो. पावसाळी वाऱ्याने सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला तळचं गार, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि समुद्र श्वास सोडतो. बंगालच्या उपसागराचं तंत्र निराळं. तिथे गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तवंगासारखं पसरतं आणि खालचं पाणी वर येऊच देत नाही.

२०१३ मध्ये याच सर्मांच्या नेतृत्वाखाली एका आंतरराष्ट्रीय गटाने हिंदी महासागरासाठी सगळी मॉडेलं आणि मोजण्या शेजारी मांडल्या. १९९० ते २००९ साठी मॉडेलं आणि उलटगणितं म्हणतात वर्षाला ०.३७ अब्ज टन शोषण, मोजण्या म्हणतात ०.२४. चुकीच्या मर्यादा धरल्या तर दोन्ही जुळतात, आणि यातलं जवळजवळ सगळं शोषण दक्षिण गोलार्धातलं. पण चुका कुठे ते बघा. ओमान-सोमालियाकडे वर येणारा कार्बन मॉडेलांनी कमी दाखवला, बंगालच्या उपसागरात जास्त. कारणं: मान्सूनचे प्रवाह आणि नद्यांचं पाणी नीट उतरवता आलं नाही. म्हणजे नेमक्या ज्या दोन गोष्टींवर आपण जगतो, त्याच.

का जमत नाही? जागतिक मॉडेलं समुद्राचे चौकोन पाडतात, आणि बरेचदा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. मुंबई ते पणजी किनारा त्यात तीन-चार चौकोनांत संपतो. मालवणच्या रापणकराला जे पाणी रोज वेगळं दिसतं, ते मॉडेलला एकच. पुण्याच्या आयआयटीएमने आता स्वतःचं मॉडेल उभं केलंय, आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक तुलनेत गेलेलं ते पहिलं भारतीय मॉडेल. अभिमानाची गोष्ट आहेच. त्यातला समुद्र प्रिन्स्टनच्या मॉडेलवर उभा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मॉडेल सुधारायला ताडून पाहण्यासाठी मोजण्या लागतात, आणि त्या कुठे आहेत? सोमाली चाच्यांच्या काळात कित्येक वर्षं संशोधन जहाजांनी पश्चिम अरबी समुद्र टाळला. जगभरच्या समुद्रपृष्ठावरच्या कार्बन-नोंदी एकत्र करणारा सॉकॅट नावाचा संग्रह आहे. त्याच्या नकाशावर उत्तर अटलांटिक जहाजांच्या रेघांनी गच्च भरलेला. आपल्या समोर बोटांवर मोजण्याइतक्या रेघा, त्याही बऱ्याचशा १९९५ च्या आसपासच्या.

हे आत्ताच का उकरतोय? कारण समुद्रात काहीतरी मिसळून जादा कार्बन शोषून घेऊ आणि त्याचे क्रेडिट विकू, असे प्रस्ताव जगभर फिरतायत. खुल्या समुद्रात असा ‘जादा’ कार्बन प्रत्यक्ष मोजणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पावती मॉडेलच फाडणार. जिथे मॉडेल कार्बन वर येण्याचा वेगच चुकवतं, त्या पाण्यावर फाडलेली पावती कोण तपासणार? कागद समोर आला तर दोन गोष्टी विचारा. कोणतं मॉडेल, आणि ते या समुद्रात कशाशी ताडून पाहिलंय.

आपल्या गोव्याच्या संस्थेने जर्मनांबरोबर २००९ मध्ये दक्षिण महासागरात लोखंड टाकून हाच प्रयोग प्रत्यक्ष केला होता, लोहाफेक्स नावाने. शेवाळ वाढलं, पण बारक्या जिवांनी ते फस्त केलं आणि तळाला फारसं काही गेलंच नाही. ती गोष्ट मोठी आहे, जर्मनीत त्यावरून मंत्रालयांत जुंपली होती. पुढच्या पोस्टमध्ये.